हार घातलेला कॉम्प्युटर

भिमाजी भिंगारदिवे लेकीचा डबा घेऊन शाळेत आले, तर ऑफिसात सगळे तोंडं पाडून उभे. उद्यापासून सहामाही परीक्षा, आणि एकाही विषयाची प्रश्नपत्रिका कॉम्प्युटरवर उघडत नव्हती. फाइलवर क्लिक केलं की खिडकी पांढरीफटक व्हायची आणि तशीच बसून राहायची. ना पुढं, ना मागं.

आणि सगळ्यांच्या नजरा दीपावर. दीपा म्हणजे भिमाजींची थोरली, शाळेतली कॉम्प्युटर शिक्षिका, तीही कंत्राटी. जूनमध्ये तिनंच हट्टानं शाळेच्या आठ म्हाताऱ्या कॉम्प्युटरांवर विंडोजच्या जागी लिनक्स आणि त्यावरचं फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर टाकलं होतं. रडतखडत चालणारी यंत्रं पळायला लागली, तेव्हा हेडसरांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. आज तेच भागवत सर हाताची घडी घालून उभे होते.

"फुकटचं असलंच असतं, मॅडम," ते म्हणाले. "तीन वाजेपर्यंत बघा. नाही जमलं तर कोपरगावहून माणूस बोलावतो. आणि हे लिनक्स उद्याच पुसून टाकू."

वा रे वा! चार महिने गोड लागलं की तुम्हाला! भिमाजींच्या अगदी ओठावर आलं होतं. पण लेकीच्या कामाच्या जागी बापानं तोंड उघडायचं नाही, म्हणून ते डबा धरून दारातच उभे राहिले.

त्यांनी स्वतः साखर कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. ऐन गाळपात मिल अडली की भिमाजींना हाका पडायच्या, हात काळे व्हायचे ते भिमाजींचे. मिल सुरू झाली की दुरुस्तीच्या रजिस्टरात 'दुरुस्ती कोणी केली' या रकान्यात नाव मात्र साहेबाचं पडायचं. भिमाजी कधी बोलले नाहीत. पण ते त्यांना लागलं होतं, आणि अजून लागत होतं.

दीपानं सॉफ्टवेअरच्या जुन्या सेटिंग बाजूला काढून ते नव्यानं सुरू केलं. कोरं पान झटक्यात उघडलं. गणिताची प्रश्नपत्रिका अडली ती अडलीच.

"पप्पा, तुमचा पेनड्राइव्ह आहे का जवळ?"

किल्ल्यांच्या जुडग्यातून भिमाजींनी तो काढून दिला. त्यात बुद्धविहारातल्या कार्यक्रमाची पत्रिका होती. ती पापणी लवायच्या आत उघडली.

"म्हणजे सॉफ्टवेअर धडधाकट आहे, सर. दुखणं शाळेच्याच फाइलींत आहे."

आता मात्र भिमाजींना राहवेना. "दीपे, मिल अडल्यावर आमी काय करायचो?"

दीपा वळली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. हे तिनं लहानपणापासून जेवताना शंभरदा ऐकलेलं. "जोडलेलं एकेक सोडवायचं. जे सोडल्यावर चाक फिरेल, तिथंच दुखणं."

तिनं प्रिंटरची वायर काढली. फाइल ढिम्म. मग मागं हात घालून नेटवर्कची वायर उपसली आणि परत क्लिक केलं. गणिताची प्रश्नपत्रिका धाडकन समोर! फक्त वरती शाळेच्या बोधचिन्हाच्या जागी एक रिकामा चौकोन.

"सापडलं! सर, हे चिन्ह फाइलीत नाहीच. फाइल ते दरवेळी दुसऱ्या कॉम्प्युटरकडून मागून आणते. तो कॉम्प्युटर बंद असणार, म्हणून ही बिचारी वाट बघत बसते. आपण सगळे वर्षानुवर्षं एकाच जुन्या प्रश्नपत्रिकेची नक्कल काढून प्रश्न बदलतो ना? म्हणून सगळ्याच अडल्या."

"पण दुसरा कॉम्प्युटर कुठला?" सरांनी विचारलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर शाळेचा सगळ्यात जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या गळ्यात झेंडूचा वाळका हार, कपाळावर हळदकुंकू. क्लार्क आसाराम कान खाजवत पुढं आला. "खंडेनवमीला बंद करून पूजा केली हुती, मॅडम. बाकीचे दसरा झाल्यावर चालू केले. ह्यो मानाचा. हार घातलेल्याला हात कसा लावायचा?"

त्या दिवसांत दीपा घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. तिला कुठून कळणार!

आसारामनं नमस्कार करून हार उतरवला आणि बटण दाबलं. दीपानं दोन्ही वायरी परत जोडल्या आणि त्यातलं बोधचिन्ह उचलून प्रत्येक फाइलीत पक्कं बसवलं. आता कुणाकडं काही मागायला नको. अडीचला प्रिंटर खडखडायला लागला.

"मॅडम, बोलण्यात चुकलं माझं," भागवत सर म्हणाले. "लिनक्स राहणार. आसाराम, दुरुस्तीचं रजिस्टर आण. यांनाच लिहू दे."

रजिस्टर म्हटल्यावर भिमाजी दारातून आत सरकले. दीपानं तारीख घातली, बिघाड लिहिला, आणि शेवटच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं. दीपा भिमाजी भिंगारदिवे.

भिमाजींनी ते वाचलं. परत वाचलं. छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटतात की काय!

"भाऊसाहेब," ते आसारामला म्हणाले, "जरा मोठ्यानं वाचा की त्ये नाव. चष्मा आनला न्हाई मी."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. आसारामनं तो पाहिला, घसा खाकरला आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं नाव वाचलं.