कोंड्यासकट

माझ्या अंगावर चरबी आहे, हे सांगायला मला नागपूरचा डॉक्टर कशाला हवा होता? पण ती रक्तातही वाढलीय आणि लिव्हरमध्येही साठलीय, असं तो म्हणाला तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. धाकट्या भावाचं, हेमराजचं लिव्हर निकामी झालेलं, आणि घरात फक्त माझंच जुळत होतं.

"तीन महिने थांबता येईल," डॉक्टर म्हणाले. "चरबी उतरली तरच तुमच्या लिव्हरचा तुकडा घेता येईल. चोथा असलेलं खा. पालेभाज्या, सालीची डाळ, जवस, कोंड्यासकट तांदूळ. आणि रोज चाला."

आमच्या पवनीत भात नसेल तर ते जेवणच नव्हे. तांदूळ माझ्या माहेरचा, कोंढा गावाहून येणारा. तिथल्या मिलवाल्या घनश्यामदादाला मी निरोप धाडला, यंदा पॉलिश मारू नको. पोतं आलं, उघडलं, तर तांदूळ पांढराशुभ्र! तशीच बस पकडून मिलवर धडकले.

"काहून पॉलिश मारलं, दादा?"

"अवो शोभाताई, गावच्या लेकीले असा भुरा तांदूळ धाडला तं लोकं नाव ठेवतीन मले. कोंडा तं ढोरं खातेत."

"मंग मले ढोर समज. पन आता माह्यासमोर धान भरड, अन् कोंडा राहू दे. हेमराजचा जीव अटकला हाय त्याच्यात."

त्याने नवं धान मिलमध्ये ओतलं. मिलमधली माणसं बघत राहिली. बघू देत! पोतं घेऊनच मी परतले.

तो भात शिजायला वेळ, चावायला त्याहून जास्त. आमचे हे पहिल्याच घासाला म्हणाले, "जेवून राहिलो का रवंथ करून राहिलो?" मी त्यांच्या ताटात अंबाडीची भाजी आणखी वाढली. साखर सोडली, तळण सोडलं, लग्नाच्या पंगतीतून हात जोडून उठले. एकदा जिलबी बघून रडू आलं, खोटं कशाला सांगू? पण सकाळी वैनगंगेपर्यंतचं चालणं चुकवलं नाही.

पुन्हा तपासणी झाली. रक्तातली चरबी उतरली होती, लिव्हरमधलीही डॉक्टरांना चालेल इतकी. मी थेट हेमराजच्या खाटेशी गेले. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नोको ताई. तुले काई झालं तं?"

असा संताप आला मला! "तीन महिने घासूनपुसून ठेवलं मी तुह्यासाठी. आता दुसऱ्या कोनाले देऊ, सांग?"