मूठभर सेव

संबोधीने चादर बाजूला सारली आणि पप्पांच्या पायाचा अंगठा बोटाने दाबून धरला. "वर ओढा."

अंगठा जेमतेम हलला. काल तो तिच्या बोटाला थोडा तरी जोर लावत होता. कमरेच्या मणक्यातली सरकलेली गादी नस दाबत होती आणि पाऊल दिवसेंदिवस लुळं पडत चाललं होतं. तिने पुन्हा दाबून पाहिलं. एकदाच घेतलेल्या मापावर तिचा विश्वास बसत नसे. एमएस्सी करताना लागलेली सवय.

"किती चेक करशील बेटा? अंगठा आहे, लिफ्टचं बटण नाही," पंचशील म्हणाले.

चादर नीट करताना घडीत एक पिवळा तुकडा दिसला. तिने तो उचलून हुंगला. लवंगेचा वास, घरच्या सेवेचा.

"पप्पा, सेव खाल्ली?"

पंचशील खिडकीकडे बघू लागले. "खाल्ली कुठे यार. सकाळी गिरिजा स्वतःसाठी पोहे घेऊन आली, तिच्या पुडीतली एक मूठ तोंडात टाकली. पोह्यांना हातसुद्धा नाही लावला, विचार तुझ्या आत्याला."

"आज ऑपरेशन आहे, रात्रीपासून काही खायचं नव्हतं."

"सेव काय खाणं असतं का?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या घरी पोह्यांवर, डाळीवर, दहीभातावरही सेव पडायची. ती वरून पडायची; तिला जेवणात धरायची रीतच नव्हती.

"बेशुद्ध केल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर? मी डॉक्टरांना सांगते."

"नको." त्यांनी तिचं मनगट धरलं. "आधीचे दोघं काय म्हणाले, आठव. पहले वजन कम करो. अरे, चालताच येत नाही तर वजन कसं उतरणार? हा पहिला डॉक्टर जो हो म्हणाला. आता याला पण कळलं की म्हणेल, मोटा आदमी, एक रात्र तोंड आवरलं नाही."

ती कॉरिडॉरमध्ये आली. पाण्याच्या मशीनपर्यंत गेली, पाणी न पिताच परतली, पुन्हा गेली. सर्जननी तिला एमआरआय दाखवून समजावलं होतं: नेहमीच्या ऑपरेशनमध्ये चरबी जितकी जाड तितकी चीर मोठी करावी लागते. नळीतून केलं की चीर छोटीच राहते, फक्त नळी लांब हवी. पप्पांसाठी लांब नळ्यांचा सेट खास बाहेरून मागवला होता आणि उद्या तो परत जायचा होता. आज टळलं तर पुन्हा कधी? तोवर पाऊल थांबेल?

लिफ्टमधून भूलतज्ज्ञ डॉक्टर शैलजा बाहेर आल्या. संबोधी जवळजवळ धावतच खोलीत शिरली.

"त्या येताहेत. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

डॉक्टरांनी आत येऊन नाडी पाहिली आणि विचारलं, "पोट रिकामं आहे ना?"

संबोधीने तोंड उघडलं, तेवढ्यात पप्पा म्हणाले, "मॅडम, सेव खाल्ली. सकाळी सहाला. मूठभर."

डॉक्टर थांबल्या. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी घड्याळ पाहिलं. "तळलेलं आहे, आठ तास जाऊ द्यावे लागतील. सरांशी बोलते. पाय कमजोर होतोय, उद्यावर टाकणार नाही. तुम्हाला शेवटी घेऊ." दारातून त्या वळल्या. "आणखी काही वरून टाकलं असेल तर आत्ताच सांगा, काका. कांदा, जिरावन मसाला?"

"नाही मॅडम. सूखी."

गिरिजाआत्याला पुडीसकट घरी पाठवलं. दुपारनंतर स्ट्रेचर आत गेलं आणि संबोधी बाकावर बसली, उठली, परत बसली. सर्जन बाहेर आले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. "नस मोकळी झाली. ताकद यायला मात्र वेळ लागेल, आणि पूर्ण येईलच असं मी म्हणणार नाही."

पप्पांना शुद्ध आली होती. "उपाशी आहे यार," ते पुटपुटले.

तिने चादर बाजूला केली, अंगठ्यावर बोट ठेवलं. "वर ओढा."

बोटाखाली किंचित जोर जाणवला, की नुसता भास झाला? तिने पुन्हा दाबलं.