बापाच्या घरची खोली

जपानला जायचं ठरलं ते माझ्या सुनेच्या हौसेनं. तिला चेरीच्या फुलांखाली किमोनो घालून फोटो काढायचा होता. माझ्या लेकाला, तोसिवोला, बर्फाचा डोंगर बघायचा होता, आणि नातीला, एबिलला, सगळंच. आमच्या पलाऊत, कोरोर गावात, ती जपानी पाहुण्यांना बोटीतून बेटं दाखवते, त्यांची भाषा फाडफाड बोलते. इतकी वर्षं त्यांना आपलं घर दाखवून झालं, आता त्यांचं बघू, असं तिचं म्हणणं. आमच्यातलं कुणीच आजवर तिकडं गेलेलं नव्हतं. नावं मात्र निम्मी तिकडचीच. माझं नाव हात्सुको, बापानं ठेवलेलं. त्याच्याकडून मला मिळालं ते एवढंच.

त्या दिवसांत जेवायला बसलं की दुसरा विषय नसे. एबिल फोनमध्ये देवळं, बागा, गरम पाण्याचे झरे दाखवायची. झऱ्यात सगळ्या बायका एकत्र उघड्या बसतात हे कळल्यावर सून लाजली. मी म्हटलं, आपल्या पहिलटकरणींना कढत पाणी मारून न्हाऊ घालते ती मीच, मला कसली लाज. तोसिवो म्हणाला, "आई, तिथं सुपारी खाऊन थुंकायचं नाही हां. पहिल्याच दिवशी धरून नेतील."

"मग गिळीन," मी म्हटलं. "तुझ्या बायकोच्या हातचं रोज गिळतेच आहे."

माझी अट एकच होती. फुलं बघा, डोंगर बघा, काय नाचायचं ते नाचा, पण एक दिवस माझ्या बापाच्या घरी जायचं.

माझा बाप कुराहाशी, सुतार माणूस. जपान्यांचं राज्य होतं तेव्हा पलाऊला आला आणि माझ्या आईबरोबर राहिला. लढाई हरल्यावर अमेरिकनांनी सगळ्या जपान्यांना गोळा करून जहाजात भरलं. मी तेव्हा कडेवर होते. धक्क्यावर आईनं त्याच्या हातात कासवाच्या पाठीची ताटली दिली, त्याच्या बहिणीसाठी. आमच्याकडं ही ताटली म्हणजे बायकांचं धन. ती पुरुषाला देत नाहीत, बाई देते ती नवऱ्याच्या बहिणीला. नणंदेनं ठेवून घेतली की नातं पक्कं झालं, असं आई मानायची.

ताटली परत आली नाही. बापही आला नाही, पण त्याचं आईनं कधी मनावर घेतलं नाही. "ताटली ठेवून घेतलीय ना," एवढंच म्हणायची, अगदी मरेपर्यंत. त्याच कासवाच्या पाठीतून काढलेली जोडीची दुसरी ताटली माझ्याकडं आहे. पाठीवर जाळासारखा एक पिवळा डाग होता. अर्धा तिकडं गेला, अर्धा माझ्याकडं राहिला. म्हणजे मी काही धक्क्यावरची चूक नव्हते. त्या घरानं पत्करलेल्या बाईची लेक होते. याच हिशेबानं मी सगळा जन्म मान ताठ ठेवून काढला.

एबिलनं ओळखीच्या पाहुण्यांकरवी घर शोधून काढलं. नागानोच्या डोंगरातलं खेडं. बाप केव्हाच वारला होता. तिकडं लग्न करून झालेला त्याचा मुलगा योशिहारु आता घर चालवत होता. एबिल म्हणाली, कुणाला न सांगता जाऊ, कबरीवर फुलं ठेवू, घर बाहेरून बघू आणि परत येऊ.

"मागच्या दारानं चोर जातात," मी म्हटलं. "बापाची लेक जाते ती आधी सांगून, पुढच्या दारानं."

"आजी, तिकडं तसं नसतं गं."

"मग तिकडं माणसं नसतील."

शेवटी तिनं माझ्यासमोर फोन लावला. योशिहारुची बायको बोलली. मी एबिलला सांगितलं, म्हणावं, तुमची थोरली बहीण येतेय. भावाच्या घरात थोरल्या बहिणीचा शब्द काय असतो तो मला ठाऊक आहे. आणि आत्याकडं दिलेली ताटली कुठंय तेही विचार. पोरीनं त्यातलं किती गोड करून सांगितलं देव जाणे. पलीकडची बाई आभार मानायला लागली. इतक्या वेळा मानले की मला वाटलं, झालं काम. मी नवा झगा शिवायला टाकला. सणासमारंभाला गळ्यात घालते तो घराण्याचा मणी काढून दोरा बदलून ठेवला.

आठवड्यानं त्याच बाईचा फोन आला. वडिलांनी असं कधी काही सांगितलं नव्हतं. आत्या वारल्या. तुम्ही येणार त्या दिवसांत घराची डागडुजी काढलीय, कुणाला आत घेता येणार नाही, फार वाईट वाटतं. यंदा फुलं छान फुलतील, प्रवास सुखाचा होवो. आणि ठेवता ठेवता हळूच विचारलं, आजींना घराच्या वाटणीबद्दल काही म्हणायचंय का, कुणी वकील आहे का.

वाटणी! बापानं ठोकलेला एक खिळासुद्धा मला नको होता. उंबऱ्यावर कुणीतरी "ये" म्हणायला हवं होतं, बस.

मी म्हटलं, डागडुजी तर डागडुजी, संपली की पुढच्या वर्षी जाऊ. खरं सांगते, मी विश्वास ठेवला होता.

मग एकदा दुपारी एबिल उतरल्या तोंडानं माझ्याजवळ येऊन बसली. त्या घरात पाहुणे उतरतात म्हणाली, भाड्यानं. जुन्या जपानी घरात राहा, डोंगर बघा, घरच्यासारखा पाहुणचार घ्या, असं सगळ्या जगाला आवतण दिलेलं. आपण जाणार त्याच दिवसांत खोली रिकामी होती. तिनं खोलीचे फोटो दाखवले. खोलीचं नाव दक्षिण समुद्र, जपानी लोक आमच्या बेटांना म्हणायचे तेच. भिंतीवर माझा बाप, तरणा, माडाला टेकून हसतोय. मी त्याला असा पहिल्यांदाच बघत होते. आणि खाली हात धुवायच्या भांड्याशेजारी ताटली, तिच्यात साबणाची वडी.

मी आतून माझी ताटली आणली आणि फोनला लावून धरली. डाग डागाला जुळला.

तोसिवो बघत उभा होता. तो म्हणाला, त्यांना काय माहीत आई, त्यांना ती शोभेची वस्तू वाटली असेल. मी म्हटलं, शोभेला तरी ठेवायची होती.

एबिल म्हणाली, "माझ्या मैत्रिणीच्या नावानं खोली घेते. तू कोण ते कुणाला कळणार नाही. घरात तर जाशील, आजी. त्याच्या छपराखाली झोपशील."

"भाडं दिलं की दार उघडतं आणि लेक म्हटलं की डागडुजी निघते. तसल्या दारातून वाकून जाऊ मी?"

"तुला तुझा हट्ट मोठा की बाप?"

माझ्याशी असं बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. मी येत नाही, एवढंच तोसिवोला सांगितलं, आणि त्या घरात तुम्हीही पाऊल टाकायचं नाही. त्यांना वाटलं, जाण्याच्या दिवशी म्हातारी झगा घालून तयार असेल. मी शेतात होते, गुडघाभर चिखलात, अळू उपटत. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा मान वर केली नाही.

ते गेले, आणि त्या घरात राहिलेही. खोली आधीच पक्की करून टाकली होती म्हणे, आणि तिथून डोंगर अगदी समोर दिसतो. सुनेनं मला मिठाईचा डबा आणला, वर त्या घराचं चित्र. किमोनोतले फोटो दाखवले. म्हणाली, "माणसं फार चांगली आहेत हो आई. आम्ही निघालो तर वळणापर्यंत हात हलवत उभी होती." मी डबा शेजारणीच्या पोरांना दिला.

एबिल वरवंट्याखाली बोट सापडल्यासारखं तोंड करून बसली होती. सून नि लेक आत गेल्यावर मी तिला विचारलं, ताटली बघितलीस?

"बघितली. साबण काढून ठेवला. ताटलीला पांढरी पुटं चढली होती, ती नखानं खरवडून धुतली, पुसून खिडकीत ठेवली. न्याहारी करून वर आले तर कुणीतरी खोली आवरून गेलं होतं. साबण परत तिच्यातच होता, आजी. नवा."

आईला आम्ही घरासमोरच पुरलंय. रोज सकाळी अळूच्या शेतात जाताना मी तिच्या दगडापाशी थांबते, चार शब्द बोलते आणि मग जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारानं गेले.