पाणी चढलेली गाडी

माझ्या तोंडाची अख्ख्या मूल गावाले धास्ती आहे. ब्लाऊजचं माप देताना एखादी बाई पोट आत ओढते, तं मी टेप बाजूले ठेवते अन् म्हणते, "श्वास सोडा बाई, नाईतर शिवलेलं तुमच्याच आंगात जाणार नाई." खोटं मले खपत नाई. पण माझ्या स्वतःच्या घरात एक खोटं रोज बोललं जाते, अन् मी ते दोन वर्षांपासून ऐकून राह्यली.

ते खोटं म्हणजे, "थोडसंच पाणी पेलो, मंजू."

माझ्या नवऱ्याचं नाव अमर. नाव घ्यायले मी लाजत नाई. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार चंद्रपूरले डायलिसिस राह्यते. लघवी होत नाई, म्हणून पेलेलं पाणी आंगातच थांबते. तिथली नर्स दर खेपेले काट्यावर उभं करते अन् विचारते, "दादा, पाणी किती चढलं?" हे मान खाली घालून म्हणतात, "थोडसंच." काटा काही थोडसंच म्हणत नाई. उन्हाळ्यात माणसाले तहान लागते, हे मलेही समजते हो. पण मडक्याच्या झाकणाचा आवाज मी आता शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ओळखते, अन् ओरडते.

मागच्या पोळ्याच्या आठवड्यात आम्ही बसलो ती काळीपिवळी जीप जंगलातल्या पट्ट्यात बंद पडली. तिथी फोन लागत नाई. दोन घंटे आम्ही रस्त्याच्या कडेले बसून. चंद्रपूरले पोचलो तं मशीनची पाळी दुसऱ्याले गेलेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यांच्या फुफ्फुसात पाणी चढलं. आडवं होता येईना, बोलता येईना, नुसते माझ्या हाताले धरून बसले. वाचले, पण मी त्या दिवशी जे भ्याली ते अजून उतरलं नाई. मी ठरवलं का आता दुसऱ्याच्या गाडीच्या भरवशावर राह्यचं नाई. दोन महिन्यांत गाडी चालवायले शिकली. शिकवणाऱ्याले म्हणे माझ्यामुळे बीपी सुरू झाला.

आमच्या शेजारी जंगूभाऊ मिस्त्री आहेत. ते म्हणाले, "मंजुषाबाई, नव्याच्या नादी लागू नका. जुनी डिझेलची डिक्कीवाली घ्या. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, डिझेल परवडन. मागच्या सीटवर अमरभाऊ आडवे होतीन. अन् नीट सांभाळलेलं डिझेल इंजिन दगा देत नाई. फक्त पुरात बुडलेली घेऊ नका. वरून चकाचक दिसते, पण आत वायरिंग सडत राह्यते, अन् एक दिवस गाडी जिथली तिथी."

"बुडलेली ओळखायची कशी?"

"सकाळी इंजिन गार असताना चालू करा. मॅट उचला. डिक्कीतली स्टेपनी काढून खाली पाहा. अन् सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाडी धुतली तरी बेल्टच्या शेवटच्या टोकाले गाळाची रेघ राह्यते."

त्यांच्या घरी लग्न होतं, म्हणून ते काही सोबत आले नाईत. रविवारी सकाळी मी अन् अमर सिंदेवाहीकडच्या एका गावात गाडी पाहायले गेलो. गाव तलावाच्या पाळीखालीच. मालकाचं नाव उमाजीभाऊ, साठीच्या पुढचे. मोतीबिंदू काढल्यावरही धड दिसेना, म्हणून गाडी विकून राह्यले होते. आंगणात पांढरी गाडी उभी, बारा वर्षांची. मी पह्यले बोनेटवर हात ठेवला. गार. चाबी फिरवली, एका चाबीत चालू. धूर नाई, खडखड नाई. माझ्या मनात आलं, हीच.

"गाडी कशाले वापरली, भाऊ?"

"घरचीच व्हय," उमाजीभाऊ म्हणाले. "बाजार, पाव्हणेरावळे. बाकी काई नाई." हे ते माझ्याकडे पाहून बोलले नाईत, आंगणातल्या कोंबड्यांकडे पाहून बोलले.

मी दार उघडलं अन् मोगऱ्याच्या वासानं डोकंच फिरलं. आरशाले तीन तीन सेंटच्या डब्या लटकवलेल्या. वरून डॅशबोर्डवर अगरबत्ती. अमर मागच्या सीटवर बसले अन् लगेच नाकाले रुमाल लावला. त्यांना वासानं मळमळते. माणूस एवढा वास कशाले मारन? काहीतरी लपवायले. मी मागची मॅट उचलली तं खालचं ओलं. डिक्की उघडली, स्टेपनी काढली. खालचा पत्रा गंजलेला, खोलगट भागात पाणी साचलेलं, अन् त्या पाण्यात एक खवला. रोहूचा, चांगला नखाएवढा.

आता दुसऱ्या कोणाच्या मनात काय आलं असतं मले माहीत नाई. पण माझी नणंद वडश्याकडे नदीकाठी राह्यते. पूर आला तवा तिच्या घरात कंबरभर पाणी शिरलं होतं, अन् पाणी उतरल्यावर कपाटात, साड्यांच्या खाली, मासोळी सापडली होती. म्हणून माझं डोकं सरळ तिथीच गेलं. गाडीत मासोळी शिरली म्हणजे नदी शिरली.

मी तो खवला तळहातावर घेतला अन् उमाजीभाऊपुढे धरला. "भाऊ, खरं सांगा. या गाडीत पाणी कितीक चढलं होतं?"

त्यांनी हात डोळ्याजवळ नेऊन खवला पाह्यला. लय वेळ पाह्यला. मग हळूच म्हणाले, "थोडसंच चढलं होतं, बाई."

थोडसंच. तो शब्द ऐकला अन् माझ्या डोक्याची शीरच तडकली. दोन वर्षांचं सगळं त्या म्हाताऱ्यावर निघालं. "थोडसंच? थोडसंच पाणी काय करते ते मले नका सांगू. माझा माणूस या गाडीत बसणार आहे. ही जंगलात बंद पडली तं त्याचा जीव जाईन. बुडलेली गाडी सेंट मारून विकता? तुमच्या घरी कोणी आजारी नाई का?"

"मंजू, हळू," अमर म्हणाले.

"काऊन हळू?"

उमाजीभाऊनं चाबी माझ्या हातातून घेतली अन् धोतराच्या सोग्यानं पुसत उभे राह्यले. तेवढ्यात त्यांची बायको, गोकुळाबाई, घरातून आली. हाताले पीठ लागलेलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कोणती गाडी बुडाली?" ती नवऱ्याले म्हणाली. "काहो, बुडाली म्हणून सांगायची लाज वाटत नाई, अन् मासोळी वाह्यली म्हणून सांगायची वाटते तुमाले?"

"तू आत जा."

"नाई जात." ती माझ्याकडे वळली. "बाई, या डिक्कीत आठ वर्षं मासोळी गेली. आमी तलावावरचे लोक. पहाटे चारले जाळं निघे, बर्फात मासोळी घालून हे सहाच्या आत चंद्रपूरच्या बाजारात. मागच्या महिन्यात एक गुरुजी गाडी घ्यायले आले. सगळं जमलं होतं, बोलणं झालं होतं. मी मासोळीचं नाव काढलं तं त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. पेले नाई. आमच्या घरचा चहा पेले नाई बाई. तवापासून हे रोज डिक्की धुऊन राह्यले. सर्फ, फिनाईल, अगरबत्ती. धुऊन धुऊन गंजवली."

मी तळहातावरचा खवला पाहून राह्यली. त्याले कुठी ठेवावं ते मले समजेना.

"बंद नाई का पडत?" मी विचारलं. आवाज माझाच, पण बारीक झाला होता.

"मासोळी थांबते का बाई? अर्धा घंटा उशीर झाला का माल नरम पडते, मग कुत्र्यायले टाका. थंडी राहो का पाऊस, आठ वर्षांत हे एक दिवस तरी माल घेऊन वापस आले का म्हणा."

"एक दिवस टायर फुटला होता," उमाजीभाऊ म्हणाले. "साखरी नाल्याजवळ. खोटं काऊन बोलावं." मग जरा थांबून, "पंधरा मिनिटांत बदलला पण."

तेव्हा मले आठवलं का बेल्ट ओढून पाहायचा तं मी विसरलीच होती. रागाच्या भरात जंगूभाऊची शेवटची गोष्टच राह्यली. मी पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. कोरडा, स्वच्छ, दुकानातून आणल्यासारखा. पाणी कधी चढलंच नव्हतं. चढलं होतं ते माझ्या डोक्यात.

मी गोकुळाबाईले म्हटलं, "बाई, चहा ठेवता का?" माफी मागायची मले सवय नाई, माझ्याच्यानं तेवढंच झालं. तिनं ओळखलं. माझा कप भरून आला, अमरचा दोन घोटांचा, कारण मीच तसं सांगितलं. उमाजीभाऊ माझ्या कपाकडे चोरून पाहत होते. मी शेवटच्या थेंबापर्यंत पेली.

पण वासाचं काय? गाडी वेळेवर पोचवन, हे मले पटलं. ज्या गाडीले आठ वर्षं उशीर परवडला नाई, तीच मले पाह्यजे होती. मशीनची पाळी तरी कुठी थांबते? पण अमर डायलिसिसनंतर कढईतल्या फोडणीच्या वासानं ओकतात. सहा महिन्यांपासून जेवणच गेलं त्यांचं. डॉक्टर म्हणतात अंडी खा, मासोळी खा, ताकद पाह्यजे, अन् हे दोन घासांत ताट सरकवतात. हाडं वर आली.

अमर गाडीतच बसले होते. त्यांनी सेंटच्या तिन्ही डब्या उपटून बाहेर टाकल्या, अगरबत्ती विझवली, चारही काचा खाली केल्या. "हे नको," ते म्हणाले. "मासोळीचं काई नाई मले."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाई. काई नाई म्हणजे काय ते मले माहीत होतं. थोडसंचचाच भाऊ. तरी गाडी घेतली, कारण दुसरी शोधायले वेळ नव्हता.

पह्यल्या सोमवारी मी मागच्या सीटवर उशी ठेवली अन् पाच प्लास्टिकच्या पिशव्या, ओकायले. जाताना ठीक. चार घंटे मशीन. परत निघालो तवा यांचा चेहरा पांढरा पडलेला, आडवे झाले, डोळे मिटले. ऊन तापलं होतं, अन् गाडी तापल्यावर गालिच्यातून वास उठला. मोगरा गेला होता, फिनाईल गेलं होतं, उरली होती ती मासोळी. मी आरशात पाहत होती, आता ओकतीन, आता ओकतीन. काळीपिवळी बंद पडली होती ती जागा आली अन् गेली. इंजिन एका सुरात चालून राह्यलं होतं.

"मंजू," मागून आवाज आला.

"पिशवी तुमच्या उजव्या बाजूले आहे."

"पिशवी नको." जरा वेळानं म्हणाले, "भूक लागली."

मी ऐकलं, पण मले खरं वाटलं नाई. "काय लागलं?"

"भूक. मासोळी खावीशी वाटून राह्यली."

मी गाडी थांबवली असती, पण त्या पट्ट्यात थांबायचं नसते, वाघाचा भाग आहे. म्हणून चालवता चालवताच रडली. सहा महिन्यांत मी त्या माणसाच्या ताटापुढे काय काय केलं होतं, ओरडली होती, हात जोडले होते, देवाले नवस बोलली होती. अन् ज्या वासाची त्या म्हाताऱ्यानं एवढी लाज धरली, त्या वासानं यांची भूक आणली.

मूलच्या अलीकडे फोनले रेंज आली तशी मी रस्त्याच्या बाजूले गाडी लावली अन् उमाजीभाऊले फोन केला. त्यांनी पह्यल्याच घंटीले उचलला. घाबरलेले होते.

"काय झालं बाई? बंद पडली?"

"नाई भाऊ. मस्त चालते."

तिकडून मग हळूच, "मंग वास येते का?"

"येते भाऊ," मी म्हटलं. "म्हणूनच फोन केला. सकाळी मी येते, एक किलो रोहू ठेवा. अन् गोकुळाबाईले फोन द्या, मले तव्यावरची कशी करायची ते विचारायचं आहे. रस्सा नाई चालत आमच्याकडे."

उमाजीभाऊनं बायकोले हाक मारली, दोनदा, मोठ्यानं, अख्ख्या गावाले ऐकू जाईन अशी. "अवं, इकडे ये. गाडीवाल्या बाईले आपली मासोळी पाह्यजे म्हणते."

मागच्या सीटवर अमर उठून बसले होते. खिडकीतून वारा घेत म्हणाले, "रस्सा थोडासा तं चालते, मंजू. थोडासाच."

मी आरशातून त्यांच्याकडे पाह्यलं. अन् दोन वर्षांत पह्यल्यांदा त्या शब्दावर ओरडली नाई.