जेवणानंतरची दहा मिनिटं

चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमधल्या जिन्याच्या वळणावर लिफ्टमन कठडा धरून उभा होता, आणि शेजारच्या जाळीआडून त्याची लिफ्ट त्याच्यावाचून वर निघाली होती. ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणत. लिफ्टमधून टायपिस्टबाईंनी विचारलं, "मामा, किती झाले?" मामांनी पाच बोटं दाखवली. खरं तर साडेचारच मजले झाले होते. पण एवढी थाप डॉक्टरांनीही पोटात घातली असती.

एकतीस वर्षं मामा त्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून होते. जगाला वर पोचवता पोचवता स्वतः एक पायरी चढायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. फेब्रुवारीत रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून घरात शिरलेला नाही, दाराशी येऊन उभा आहे. दार लावून घेणं तुमच्या हातात आहे. औषध काही दिलं नाही. गोड बंद, ताटात निम्मी भाजी, पाच-सहा किलो वजन खाली, आणि जेवण झाल्यावर दहा मिनिटं पायांना काम. मामांना हसू आलं. जन्मभर दार लावण्याचाच पगार घेतला होता त्यांनी.

बायकोला हसू आलं नाही. तिचा थोरला भाऊ याच काठावरून खाली गेला होता. त्यालाही "अजून तसं काही नाही" म्हणून सांगितलं होतं, आणि त्याने त्यातलं "काही नाही" एवढंच ऐकलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि मग तो. शेवटचं दीड वर्ष त्याची जखम तिनेच धुतली होती. मामांचा रिपोर्ट वाचल्यावर तिने साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला आणि जेवायला वाढताना म्हणाली, "अहो, मला पुन्हा कुणाची जखम धुवायची नाही. एवढं ऐका माझं."

मामांनी ऐकलं. बिनसाखरेचा चहा पहिला महिनाभर काढ्यासारखा लागला, मग लागेनासा झाला. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक कापला जायला लागला की ते लिफ्ट घेऊन पळ काढत. राहता राहिली ती दहा मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत सगळी इमारत खाली-वर करायची, म्हणून मामा डबाही लिफ्टमध्येच खात. त्यांना जागचं हलता येत नसे, कारण लिफ्ट म्हातारी होती आणि तिच्या दरवाजाला एक खोड होती. बटणं कुणीही दाबली असती. पण जाळी ओढताना खालून जराशी उचलून धरली नाही तर ती बसायची नाही, आणि जाळी बसली नाही तर लिफ्ट हलायची नाही. ही खोड एकट्या मामांना ठाऊक. एखादा नवखा ओढून ओढून घामाघूम झाला की ते मिशीत हसायचे आणि म्हणायचे, तिला माझाच हात लागतो.

ती विद्या एका दुपारी त्यांनी टायपिस्टबाईंना शिकवली. दहाच मिनिटं सांभाळा, मी जिना चढून येतो, म्हणाले. बाई पहिल्याच खेपेला शिकल्या. त्यांनी शेजारच्या टेबलाला शिकवलं, शेजारच्या टेबलाने वरच्या मजल्याला. महिन्याभरात शिपायापासून साहेबापर्यंत जो तो जाळी उचलून लावायला लागला. कुणाचा खोळंबा होत नाही म्हटल्यावर मामांनीही दहाची पंधरा मिनिटं केली. येता-जाता लोक कौतुक करत, या वयात काय जिद्द म्हणून. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना एवढं कौतुक फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा रक्त तपासलं. सहा किलो उतरले होते आणि आकडाही खाली आला होता. असंच चालू ठेवा, सोडलंत तर तो पुन्हा दाराशी येईल, असं डॉक्टर म्हणाले. बायकोने रिपोर्ट दोनदा वाचला आणि डोळे पुसले.

त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावून घेतलं आणि बसायला सांगितलं. मामा तिथेच समजले. एकतीस वर्षांत त्यांना त्या खोलीत कुणी बसायला सांगितलं नव्हतं. साहेब माणूस वाईट नव्हता. कामाबद्दल तक्रार नाही, म्हणाला. पण वरून माणसं कमी करायचा हुकूम आलाय. याआधीही दोनदा आला होता. दोन्ही वेळा त्यानेच लिहून कळवलं होतं की, ही लिफ्ट या माणसावाचून चालत नाही.

"या वेळी काय लिहू, मामा? रोज दुपारी मी स्वतःच चालवतो."

तब्येतीसाठी जात होतो साहेब, एवढंच मामांना सुचलं.

"माहीत आहे," साहेब खाली बघत म्हणाला. "तब्येत छान झालीय तुमची."

निवृत्तीला चार वर्षं होती. महिनाअखेर शेवटचा दिवस ठरला.

घरी जाताना मामांच्या मनात राग मावत नव्हता. बायकोवर, डॉक्टरांवर, टायपिस्टबाईंवर, सगळ्यांत जास्त स्वतःच्या शहाणपणावर. घर जवळ आलं तसा तो निवत गेला आणि भीती उरली. खरं सांगितलं तर बायको जन्मभर दोष स्वतःकडे घेऊन बसेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. भावाच्या पहिल्या जखमेकडे आपलं लक्ष गेलं नाही, हे ती अजून उगाळत होती. त्यात ही भर नको.

ऑफिसात नवी लिफ्ट बसवतायत, तिला माणूस लागत नाही, असं त्यांनी सांगितलं.

ती भाजी चिरत होती. हातातली सुरी थांबली. मग ती हात पुसून त्यांच्याजवळ येऊन बसली.

"जाऊ द्या. नोकरी गेली तर गेली, माणूस तरी हाताशी राहिला. तेवढं माझं ऐकलंत म्हणून."

"हो," मामा म्हणाले. "तुझं ऐकलं म्हणून."

एवढ्या दुःखातही तिच्या चेहऱ्यावर थोडं समाधान उमटलं. मामांनी ते तसंच राहू दिलं.