उगवती वर, मावळती खाली

आमची म्हातारी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. म्हातारी म्हणजे उपग्रह. कागदोपत्री तिला लांबलचक नाव आहे आणि पुढे एक नंबर, पण मामा तिला म्हातारी म्हणतो म्हणून मीही म्हणते. वर सोडली तेव्हा तीन वर्षं टिकेल असं लिहून दिलं होतं. आता एकोणिसावं चालू आहे. लिहून देणारे सगळे रिटायर झाले, ती काही होत नाही.

तिला एकच काम येतं. पृथ्वीच्या आडून सूर्य वर येताना आणि परत आड जाताना ती त्याच्याकडे टक लावून बघते. तेवढा वेळ सूर्याचा उजेड हवेतून गाळून येतो, आणि त्यावरून कोणत्या उंचीवर किती धूळ आहे ते कळतं. दिवसाला पंधरा फेऱ्या, म्हणजे पंधरा उगवत्या आणि पंधरा मावळत्या. प्रत्येकीची एक फाइल.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. म्हातारी वर गेली त्या दिवसापासून तो याच खोलीत बसतो. दोन टेबलं, तीन स्क्रीन, भिंतीवर एक घड्याळ ज्याला कुणी हात लावायचा नाही, आणि वर गच्चीत डिश. डिश वळली की कुणीतरी जड कपाट ओढतंय असा आवाज येतो. नवीन माणूस दचकतो. नवीन माणूस म्हणजे मी.

शाळा मी गेल्या वर्षी सोडली. गणिताच्या सरांनी पेपरावर लिहिलं, 'उत्तर बरोबर, रीत चुकीची', आणि शून्य दिलं. मी म्हटलं, उत्तर बरोबर आलंय ना, मग चुकीचं काय ते दाखवा. त्यांनी दार दाखवलं. मी पेपर तिथेच फाडला आणि निघाले. आई त्यानंतर सहा महिने माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलायची, पण भिंतीकडे बघून. शेवटी तिने भावाला फोन केला.

"हिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही आणि तोंडात काही राहत नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघायचं काम आहे ना? बोलायचं नाही ना?"

मामा म्हणाला, पाठव. तेव्हापासून तो मला ठिणगी म्हणतो.

काम असं. एकेका फाइलीचा आलेख उघडायचा आणि शिक्का मारायचा: चांगली, वाईट किंवा शंका. चांगलं-वाईट मशीनलाही कळतं. शंका माणसालाच येते, म्हणून माणूस ठेवतात.

पहिल्याच दिवशी मी अकरा मिनिटं उशिरा पोचले. मामा ओरडला नाही. त्याने कपाटातून हजेरीची फाइल काढली, तिच्यातला एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मोठ्याने वाच."

मी वाचलं. "विषय: उशिराबाबत. यापुढे रोजचा उशीर यंत्रणा आपोआप नोंदवेल व भरून काढेल. कर्मचाऱ्यांनी हाताने नोंद करू नये."

मुख्यालयाचं परिपत्रक होतं, तीन महिने जुनं. खाली मामाने 'वाचले' लिहून सही ठोकली होती.

"दारात अंगठ्याचं मशीन आहे, त्याला सगळं कळतं," मामा म्हणाला. "मी आजवर एकदा उशिरा आलो नाही, तरी मला हा कागद पाठवला. मला तेव्हा राग आला होता. आता कळलं कुणासाठी आला होता ते."

मामाचा दिवस ठरलेला असतो. आठ चाळीसला म्हातारी डिशच्या टप्प्यात येते. मामा तिला आज्ञा पाठवतो: हीटर बंद, ट्रान्समीटर चालू. दोन्ही एकदम चालवायची तिच्या बॅटरीत ताकद नाही. आमच्या जुन्या घरात गीझर लावला की मिक्सर बसायचा, तसं. मग नऊ मिनिटं ती साठवलेलं सगळं ओतते आणि जाते. ती गेली की मामा तिचं घड्याळ तपासतो. ते रोज सेकंदाच्या तीन सहस्रांशाने मागे पडतं. भिंतीवरच्या घड्याळाशी किती फरक आला ते मामा वहीत लिहितो, सही करतो, आणि तोच आकडा कॉम्प्युटरवर एका रकान्यात भरतो. रकान्याचं नाव 'उशीर'. हे नाव मामानेच पहिल्या वर्षी ठेवलं. पुढे मुख्यालयानेही तेच उचललं.

आठ महिन्यांपूर्वी मुख्यालयाने नवीन प्रोग्रॅम बसवला, तेव्हा म्हातारीचं घड्याळ शून्यावर आणलं होतं. तेव्हापासून ते मागे पडत पडत पाऊण सेकंदावर आलं होतं. पाऊण सेकंद म्हणजे काहीच नाही असं मला वाटायचं.

परवाच्या सोमवारी पत्र आलं. उपग्रह बंद करण्याबाबत, बैठक शुक्रवारी अकरा वाजता. कारणं दोन. एक, धुळीच्या थराची उंची आठ महिने अस्थिर दिसते आहे, सबब उपकरण निकामी होत असावं. दोन, शंकेच्या फाइलींचं प्रमाण दोन टक्क्यांवरून एकेचाळीस टक्क्यांवर गेलं आहे.

एकेचाळीस टक्के माझे होते.

मामाने पत्र दोनदा वाचलं. "डोळे गेले म्हणतायत तिचे," तो म्हणाला, आणि बाहीने स्क्रीन पुसायला लागला. स्क्रीन स्वच्छ होती.

"म्हणजे माझ्या शंकांनी मेली ती."

"शंका खऱ्या होत्या ना?"

"हो."

"मग झालं."

"बंद कोण करणार?"

"आज्ञा इथूनच जाते," मामा म्हणाला. "मीच."

मला राग आला की कुणावर तरी काढावा लागतो. इथे स्क्रीनशिवाय कुणी नव्हतं. मी शंकेच्या सगळ्या फाइली परत उघडायला घेतल्या. मंगळवार त्यातच गेला. बुधवारी दुपारी मी उगवत्या एका खिडकीत लावल्या आणि मावळत्या दुसऱ्या. इतके दिवस मी त्या येतील तशा बघत होते, एक उगवती, एक मावळती, एक उगवती. वेगळ्या केल्यावर दिसलं. उगवतीत धुळीचा थर हळूहळू वर चढत होता. मावळतीत हळूहळू खाली उतरत होता. वर दोन किलोमीटर, खाली दोन किलोमीटर. इंचाचाही पक्षपात नाही.

डोळे गेलेला माणूस सगळंच अंधुक बघतो. सकाळचं वर आणि संध्याकाळचं खाली असं निवडून नाही बघत.

डोकं चालेना म्हणून चहाला खाली निघाले. लिफ्ट बंदच असते. जिन्यात सफाईवाल्या मावशी बादली घेऊन वर येत होत्या आणि वॉचमन खाली उतरत होता. दोघं एकाच पायरीवर भेटले. मावशी म्हणाल्या, "पोरी, बाजूला हो, ओलं आहे." मी पायाखाली बघितलं आणि परत मान वर केली, तोवर मावशी एक पायरी वर आणि वॉचमन एक पायरी खाली.

चहा राहिला. मी परत वर पळाले.

"मामा, तिचे डोळे शाबूत आहेत. घड्याळ चुकतंय."

"घड्याळ मी स्वतः तपासतो."

"तरी चुकतंय. वेळ पुढची पडली तर वर येणारा सूर्य जास्त वर दिसणार आणि खाली जाणारा जास्त खाली. सूर्याचं काही चुकत नाही, धुळीचंही नाही. आपणच जरा पुढची वेळ लिहितोय."

"ठिणगे, एकोणीस वर्षं मी..."

"वर्षं नको सांगू, वही दाखव."

त्याने वही दाखवली. त्या दिवशीचा उशीर, शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर. खाली सही. मी त्याच दिवसाची तयार फाइल उघडली आणि अगदी वरची ओळ दाखवली. उशीर, एक पूर्णांक अठ्ठेचाळीस. मामाने चष्मा काढून वाचलं, घालून वाचलं.

"दुप्पट कुणी केलं?"

मला माहीत नव्हतं. मग एकदम 'भरून काढेल' हे शब्द आठवले. मला ते पाठ होते, कारण गेल्या पाच महिन्यांत मामाने तो कागद मला सात वेळा वाचायला लावला होता. मी कपाटातून हजेरीची फाइल काढली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

"मोठ्याने वाच," मी म्हटलं.

त्याने वाचायला घेतलं. 'भरून काढेल'पाशी थांबला.

"माणसाचा उशीर मशीन कसा भरून काढणार, मामा? माझी अकरा मिनिटं त्याने परत दिली का?"

मामाने कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "अंगठ्याचं मशीन त्याच आठवड्यात बसवलं होतं," तो म्हणाला. बचाव म्हणून नाही. नोंद असावी म्हणून.

म्हणजे नवीन प्रोग्रॅम रोजचा उशीर स्वतःच भरत होता, आणि त्याच्या वर मामा परत हाताने भरत होता. रोज, न चुकता, सहीसकट. आठ महिने. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि फाशीचा खटका ओढणार तोही मामाच.

सांगायचं म्हटलं तर आपलेच दात, आपलेच ओठ. आठ महिन्यांचं काम मामाने बिघडवलं हे वहीत पानापानावर होतं. नाही सांगितलं तर शुक्रवारी म्हातारी बंद, विषय बंद. कुणी कधी वही उघडली नसती.

"तू सांगणार नसलास तर मीही सांगणार नाही," मी म्हटलं. एवढं जड वाक्य मी आजवर बोलले नव्हते. "आईने तसंही बघायचं काम सांगितलंय."

"उद्या आठ चाळीसची फेरी होऊ दे," मामा म्हणाला.

गुरुवारी म्हातारी आली, नऊ मिनिटं ओतून गेली. मामाने फरक काढला, वहीत लिहिला, सही केली. हात कॉम्प्युटरकडे गेला. मग त्याने तो हात दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला. तासाभराने फाइली तयार झाल्या. पंधरा उगवत्या, पंधरा मावळत्या, थर सगळ्यांत एकाच उंचीवर. मी तीसही फाइलींवर 'चांगली' मारलं. मामा माझ्या मागे उभा राहून एकेक शिक्का मोजत होता.

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. अकराला स्क्रीनवर मुख्यालयाच्या बाई आल्या. शेजारच्या चौकटींत दुसऱ्या केंद्रांचे दोन साहेब होते, त्यातला एक काहीतरी खात होता.

"तुमच्या भावना मी समजू शकते," बाई म्हणाल्या. "पण यंत्रालाही वय असतं. उंचीची सरासरी ठीक येते, पण आकडे दोन्हीकडे फाकलेत. शिवाय एकेचाळीस टक्के शंका. त्याही कुणाच्या, तर शाळा सोडलेल्या एका मुलीच्या."

मी तोंड उघडलं. मामाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि उभा राहिला. त्यामुळे कॅमेऱ्यात त्याच्या शर्टाची तीन बटणं तेवढी दिसायला लागली.

"शंका बरोबर होत्या," बटणं म्हणाली. "उपकरणात काही बिघाड नाही. चूक माझी आहे. आठ महिने मी उशीर दोनदा भरला."

मग त्याने परिपत्रक वाचून दाखवलं, ते कुठल्या फाइलीत लावलं होतं तेही सांगितलं, आणि गुरुवारच्या फाइली दाखवल्या. वहीही दाखवली. कुणी मागितली नव्हती.

बाई कॅमेऱ्याजवळ सरकल्या. "तुम्ही हे हजेरीच्या फाइलीत लावलंत?"

"विषय उशीर होता."

"उशीर म्हणजे घड्याळाचा उशीर, हे कुणालाही..."

"मीही हजेरीचंच समजलो होतो," खाणारा साहेब म्हणाला. त्याने घास गिळला. "म्हटलं, भरून काढणार म्हणतायत तर बरंच आहे. तेव्हापासून मी साडेदहाला येतो."

"असं संदिग्ध परिपत्रक काढलं कुणी?" बाईंनी विचारलं.

मामाने कागद कॅमेऱ्याजवळ नेला. "खाली सही आहे," तो म्हणाला. "तुमची आहे."

बैठक अकरा बावीसला संपली. बंद करायचा विषय पुढच्या वर्षावर गेला. मामाला मेमो आला, 'निष्काळजीपणाबाबत'. एकोणीस वर्षांतला पहिला. त्याने 'वाचले' लिहून सही केली आणि मला विचारलं, "हा कुठल्या फाइलीत?" मी दाखवली त्या फाइलीत त्याने तो लावला. संध्याकाळी मी त्याच्यापुढे चहा ठेवला, तो त्याने थंड झाल्यावर प्यायला.

आठ महिन्यांच्या फाइली आता परत तयार होतायत, उशीर एकदाच भरून. सात हजार दोनशे आहेत. शिक्के परत मारायचेत, सगळे मीच. उत्तर बरोबर होतं, तरी रीत परत करायला लागली. यावेळी मी काही फाडलं नाही.

मामा अजून रोज वहीत उशीर लिहितो. लिहायला बंदी नाही, असं त्याने बाईंकडून लेखी घेतलंय. लिहून झालं की दोन्ही हात मांडीखाली घालून बसतो.

काल मी नऊ मिनिटं उशिरा पोचले. दारात अंगठा लावला, आत आले, आणि मामाने मागायच्या आधीच हजेरीची फाइल काढायला कपाटाकडे वळले.

"राहू दे," मामा म्हणाला. "अंगठा लावलास ना? मग आता दोनदा नको."