दोन फटफट्यांची जागा

कर्ट नावाच्या विक्रेत्याने संडासाचं झाकण पायाने उघडून दाखवलं आणि "चिनीमातीचा आहे, साहेब, प्लास्टिकचा नाही," हे इतक्या भक्तिभावाने सांगितलं की डेल्फाने तोंड फिरवलं. सकाळपासूनची ही पाचवी गाडी आणि पाचवा संडास. वाळवंटातल्या टूसॉन शहराबाहेर, निवडुंगांच्या कडेला असलेल्या या आवारात दोनएकशे मोटरहोम, म्हणजे आत राहायच्या मोठ्या गाड्या, उन्हात उभ्या होत्या, आणि प्रत्येकीत तोच ताज्या गोंदाचा, डोक्यात जाणारा वास. या गाडीत तर शेकोटीसुद्धा होती. काचेमागे विजेची ज्योत, वर खोटा संगमरवर. बाहेर अंगाची लाही होतेय आणि आत शेकोटी! बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

"एवढी मोठी गाडी अख्खा डोंगर ओढून नेईल, साहेब," कर्ट म्हणाला. तो सगळं साहेबांनाच सांगत होता. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई शेजारी उभी आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

साहेब म्हणजे डेल्फाचा नवरा, रॉयस. तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेला, अडुसष्ट वर्षांचा. अकरा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघांनी ठरवलं होतं, की निवृत्त झालो की घर विकायचं, चाकांवर राहायचं, आणि दोन्ही फटफट्या बरोबर न्यायच्या. त्याचं नऊशे पौंड वजनाचं धूड आणि तिची चारशेवीस पौंडांची लाल. दोन फटफट्या, हा करार. डेल्फाने त्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

सकाळी पाहिलेली पहिली गाडी त्या करारात चपखल बसणारी होती. साधा लांब ट्रेलर, मागे गॅरेज, आत दोन्ही फटफट्या, आणि रात्री त्यांच्यावर छतातून उतरणारा पलंग. रॉयसने नाक मुरडलं होतं.

"उशीला पेट्रोलचा वास येईल."

"येऊ दे की. तुझ्या मोज्यांचा चाळीस वर्षं घेतलाय."

तो हसला नव्हता. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

या महालाच्या मागे मात्र एकच पाळणा होता, एक फटफटी उचलून धरणारा लोखंडी पाळणा.

"दुसरी कुठे ठेवायची?" डेल्फाने विचारलं.

रॉयसला एकदम खिडकीचा पडदा फार आवडला. उत्तर कर्टनेच दिलं, दात काढून. "नोटरी ऑफिसात बसलेत, मॅडम. तुमच्या लाल गाडीच्या कागदांवर तेवढी तुमची सही हवी. ती आम्ही बदल्यात घेतोय. साहेबांनी फोनवर ठरवलंय सगळं."

"फोन कधी केलास, रॉयस?"

"सोमवारी."

आज शुक्रवार होता. सोमवारपासून हा माणूस तिच्या हातचे पॅनकेक खात होता, आणि आज पहाटे "मापं घ्यायला लागतील" म्हणून दोन्ही फटफट्या त्याने पिकअपमागच्या ट्रेलरवर चढवायला लावल्या होत्या, तिच्याच हातांनी. गोगलगाय आणि पोटात पाय! तिला त्याची शिसारी आली. त्याच्या दाढीची, इस्त्रीच्या शर्टाची, पडद्याची झालर चाळवणाऱ्या बोटांची.

"अगं, माझ्या मागे बसशील ना," तो म्हणाला. "आता या वयात दोन दोन कशाला?"

मागे! रस्त्यावर समोरून दुसरा फटफटीवाला आला की डावा हात खाली झुकवून राम राम करायचा, ही त्या लोकांची रीत. त्यात रॉयसचा एक कायदा होता, तोच मित्रांत मिरवायचा. हात चालवणाऱ्याने करायचा, मागे बसणाऱ्याने नाही. मागचं ते सामान.

डेल्फा तडक गाडीतल्या झोपायच्या खोलीत गेली. बस चालवणाऱ्याला एक सवय असते, गाडी काय ओढते ते नंतर, आधी अंगावर काय पेलते ते बघायचं. त्या वजनाचा पिवळा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. इथे त्याच्यावर कुणीतरी नक्षीचा टॉवेल टांगला होता. तिने तो ओढून पलंगावर फेकला आणि माहितीपत्रकाच्या पाठीवर आकडे मांडले.

"पेलते दोन हजार पौंड. पाण्याची टाकी भरली की आठशे गेले. आपण दोघं तीनशेऐंशी, आणि पाळणा अडीचशे. उरले पाचशेसत्तर." तिने कागद कर्टच्या छातीवर ठेवला. "आता यावर नऊशेची फटफटी बसवून दाखव."

"तसं कुणी एवढं काटेकोर बघत नाही, मॅडम…"

"टायर बघतात. एकशेवीस फॅरनहाइटच्या उन्हात फुटतात."

"राहू दे ते आकडे!" रॉयस भडकला. "चढवूनच दाखवतो."

तो तरातरा फाटकापाशी उभ्या पिकअपमागच्या ट्रेलरकडे गेला, पट्टे सोडले आणि आपलं धूड फळीच्या उतारावरून मागे घेऊ लागला. खाली येता येता चाक वळलं, त्याचा गुडघा लचकला, आणि नऊशे पौंड हळूच, जणू कंटाळून, आडवे झाले. आरसा फुटला. रॉयस वेळेवर बाजूला सरला, एवढंच. या वर्षातली ही चौथी खेप.

कर्ट कुणाला तरी हाक मारायला वळला. डेल्फाने वाट पाहिली नाही. ती फटफटीकडे पाठ करून बसली, सीटला पाठ टेकवली, दोन्ही हातांनी पकड घेतली आणि पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकत ती उभी केली. पहिल्या तिन्ही खेपांना तिनेच उचलली होती.

"मला नाही पेलवत आता ती," रॉयस जमिनीकडे बघत म्हणाला.

"माहीत आहे मला. मग माझी का विकत होतास?"

त्याने बुटाने आरशाची काच बाजूला सारली. "माझी मागे टांगलेली असती. लोकांना दिसली असती. चालवत नाही हे कुणाला कळलं नसतं… तू रोज चालवत बाहेर पडली असतीस तर कळलं असतं."

डेल्फाला वाटलं होतं, खरं ऐकून मन जरा निवळेल. उलट ते जास्तच भडकलं. गुडघे त्याचे गेले म्हणून हातपाय हिचे बांधायचे! कीव येत होती, पण किळस तिच्या वरचढ होती, आणि ती लपवायची तिला इच्छा नव्हती.

"तो गॅरेजवाला ट्रेलर अजून तिथेच आहे," ती म्हणाली. "त्यात दोन्ही मावतात. नाहीतर ही तुझी शेकोटी घे, पण पाळण्यावर लाल बसेल. नोटरी आत आहेच. सही कुणाची, ते तू ठरव."

रॉयसने लांबच्या त्या गॅरेजवाल्या ट्रेलरकडे पाहिलं. मग फुटलेल्या आरशाकडे. मग उघड्या दारातून दिसणाऱ्या त्या खोट्या ज्योतीकडे, आणि तिथेच त्याची नजर रेंगाळली.

"माझ्या फटफटीच्या कागदांवर करतो सही," तो म्हणाला. "आणि मग मी?"

"माझ्या मागे बस."

आवारासमोरच्या रस्त्याने एक फटफटीवाला चालला होता. फाटकापाशी दोन फटफट्या आणि दोन म्हातारे दिसल्यावर त्याने डावा हात खाली झुकवला. डेल्फानेही झुकवला. सवयीने रॉयसचा हातही उठला, अर्ध्यावर थांबला, आणि त्याने तो खिशात घातला.